आपली गाडी कॅम्पिंग ट्रेलर ओढू शकेल का, हे नक्की कसं काढायचं?

रानवाट

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांपासून मनात होतं ते आता जमत आलंय, एक जुना कॅम्पिंग ट्रेलर मिळतोय, एका अ‍ॅक्सलचा, आत चार जणांची झोपायची सोय, छोटं किचन, पाण्याची टाकी वगैरे. ट्रेलरच्या कागदावर रिकामं वजन ११८० किलो आणि जास्तीत जास्त भरलेलं वजन १६०० किलो लिहिलंय. आमची गाडी डिझेल एसयूव्ही, ऑटोमॅटिक. माहितीपत्रकात टोइंग कॅपॅसिटी, म्हणजे किती वजनाचा ट्रेलर ओढता येतो ते, २००० किलो आहे (ब्रेकवाला ट्रेलर असेल तर, बिनब्रेकचा असेल तर ७५०). माझा हिशोब साधा होता, २००० मधून ११८० गेले, ८२० किलो शिल्लक, म्हणजे काहीच अडचण नाही. विकणारा पण म्हणाला आरामात ओढेल. पण बायको म्हणाली की इतकं सोपं असतं तर मॅन्युअलमध्ये टोइंगवर एवढी पानं कशाला लिहिली असती, आणि ते मला पटलं. मुलं मागे बसलेली असणार, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये. कोणी नीट समजावून सांगेल का?

काटेकोर

वहिनींचं बरोबर आहे. २००० हा आकडा खोटा नाही, पण तो एकटा वाचायचा नसतो. गाडीला एकाच वेळी पाच-सहा मर्यादा असतात आणि त्यातली जी सगळ्यात आधी संपते ती तुमची खरी मर्यादा. बहुतेक वेळा टोइंग कॅपॅसिटी संपायच्या कितीतरी आधी दुसरंच काहीतरी संपतं.

गाडीच्या दरवाज्याच्या खांबावर किंवा बॉनेटखाली एक प्लेट किंवा स्टिकर असतो, त्याचा फोटो काढा आणि मॅन्युअलमधून एवढं शोधून इथे टाका: गाडीचं कर्ब वेट (रिकाम्या गाडीचं वजन), गाडीचं जास्तीत जास्त ग्रॉस वेट (माणसं-सामान धरून), गाडी आणि ट्रेलर मिळून कॉम्बाइन वेटची मर्यादा, पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलची वेगवेगळी मर्यादा, आणि टो बॉलवर, म्हणजे गाडीमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्यावर, उभं किती वजन चालतं ते. हा शेवटचा आकडा कधी कधी गाडीच्या प्लेटवर नसतो, टो बारच्या (तो बॉल ज्या दांड्यावर असतो त्याच्या) प्लेटवर असतो. दोन्हीकडे वेगवेगळा असेल तर लहान तो खरा धरायचा.

आणि ट्रेलरचं ११८० विसरून जा. ते कारखान्यातून निघाला तेव्हाचं आहे. त्या वजनाने तो ट्रेलर परत कधीच रस्त्यावर येत नाही.

तिसरा_गिअर

एवढं कशाला घाबरवताय त्यांना, मी पंधरा वर्षं ट्रेलर ओढतोय, काटाबिटा कधी केला नाही, गाडी मागून बसली नाही आणि हँडल हलकं झालं नाही म्हणजे ठीक. डिझेलला टॉर्क भरपूर असतो, ओढणार.

काटेकोर

तिसरा_गिअर, ओढेल यात शंका नाहीच. इंजिन ओढतं, पण थांबवायचं ब्रेकला असतं, वळवायचं पुढच्या चाकांना असतं आणि वजन पेलायचं टायर आणि मागच्या अ‍ॅक्सलला. टॉर्क यातल्या कशालाच मदत करत नाही. आणि हँडल हलकं झालेलं हाताला कळतं तोवर पुढच्या चाकांवरचं वजन बरंच उचललं गेलेलं असतं.

रानवाट

प्लेट सापडली, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर होती, इतकी वर्षं गाडी वापरतोय आणि कधी नजर गेली नव्हती. आकडे असे आहेत. कर्ब १७९० (टाकी फुल धरून, ड्रायव्हर न धरता). ग्रॉस २३५०. कॉम्बाइन ४०००. पुढचा अ‍ॅक्सल ११८०, मागचा १२५०. टो बॉलवर १०० किलो. आता एक गोष्ट कळत नाहीये, ग्रॉस २३५० आणि टोइंग २००० म्हणजे बेरीज ४३५० होते, मग कॉम्बाइन ४००० कसं?

काटेकोर

हाच तो खड्डा ज्यात बहुतेक लोक पडतात. दोन्ही एकदम पूर्ण वापरायला मिळत नाहीत असा त्याचा अर्थ. गाडी काठोकाठ भरली, २३५०, तर ४००० मधून उरले १६५०. म्हणजे भरल्या गाडीला तुमचा ट्रेलर १६५० च्या आतच पाहिजे, २००० चा विषयच नाही. २००० ओढायचे असतील तर गाडी स्वतः २००० च्या वर जाता कामा नये, म्हणजे तुम्ही, वहिनी आणि थोडंसं सामान, संपलं.

आता पेलोड, म्हणजे गाडीत किती वजन भरता येतं ते बघा. २३५० वजा १७९० म्हणजे ५६०. हे ५६० ऐकायला खूप वाटतात पण त्यात चारही माणसं आली, डिकीतलं सामान आलं, नंतर बसवलेला टो बार आला (तो स्वतः पंचवीस-तीस किलो असतो) आणि ट्रेलर टो बॉलवर जे दाबतो ते वजनसुद्धा आलं. हे शेवटचं कोणी धरतच नाही. ट्रेलरचं ते वजन गाडीच्या पाठीवर असतं, म्हणजे गाडीच्या दृष्टीने डिकीच्या मागे एक माणूस उभा आहे.

लोखंडी_सांधा

त्या टो बॉलवरच्या वजनाबद्दल, म्हणजे टंग वेटबद्दल, जरा सविस्तर लिहितो कारण माझ्या मते सगळ्यात जास्त अपघात इथून सुरू होतात.

माझा आधीचा ट्रेलर लहान होता, भरून ९०० किलो. एकदा निघताना पाण्याचे कॅन, स्टेपनी आणि एक जड पेटी सगळं मागच्या टोकाला ठेवलं, कारण तिथून काढायला सोपं. सरळ मोकळा रस्ता, किंचित उतार, वेग ९५ च्या आसपास. शेजारून एक मोठी बस भरधाव पुढे गेली, तिच्या हवेने ट्रेलर आधी तिच्याकडे ओढला गेला मग बाहेर ढकलला गेला, आणि तिथून त्याने शेपूट हलवायला सुरुवात केली. पहिला हेलकावा लहान, दुसरा मोठा, तिसऱ्याला आरशात मला ट्रेलरची पूर्ण बाजू दिसली. गाडीचं मागचं टोक इकडून तिकडे फेकलं जात होतं. ब्रेक दाबायला पाय शिवशिवत होता, तो दाबला नाही म्हणून आज लिहितोय. अ‍ॅक्सिलरेटर सोडला, हँडल सरळ घट्ट धरलं, हेलकाव्याच्या उलट फिरवायचा प्रयत्न केला नाही, आणि वेग साठच्या खाली आल्यावर ते आपोआप थांबलं. बाजूला घेऊन किती वेळ तसाच बसून होतो मला आठवत नाही.

घरी येऊन टंग वेट मोजलं तर २० किलो. ९०० किलोच्या ट्रेलरला २० किलो, म्हणजे जेमतेम २ टक्के.

ट्रेलरचं मागचं टोक जड झालं की तो बॉलभोवती घड्याळाच्या लंबकासारखा वागायला लागतो. पुढे पुरेसं वजन असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत जातो, नसेल तर मोठा होत जातो, आणि कोणत्या वेगाला हा फरक पडतो ते त्या ट्रेलरच्या भरण्यावर ठरतं. जड वस्तू अ‍ॅक्सलच्या वर, खाली जमिनीलगत. दोन टोकांना वजन टाकलं तर बॉलवरचा आकडा बरोबर येऊ शकतो, पण ट्रेलर डंबेलसारखा होतो, एकदा फिरायला लागला की थांबत नाही.

पायवाट

एक शंका. मी सगळीकडे वाचलंय की टंग वेट ट्रेलरच्या १० ते १५ टक्के हवं. यांचा ट्रेलर १५०० झाला तर ते १५० किलो होतं आणि यांच्या बॉलची मर्यादाच १०० आहे. मग काय करायचं?

लोखंडी_सांधा

चांगला प्रश्न. १० ते १५ टक्के ही उत्तर अमेरिकेतली रीत, तिथल्या गाड्या आणि ट्रेलर जोडायचे हुक (हिच) त्या हिशोबाने बनतात. युरोपात बहुतेक गाड्यांच्या बॉलची मर्यादा ७५ ते १०० किलोच्या आसपास असते, तिथले ट्रेलर हलके, वजन मधोमध, वेगमर्यादा कमी, त्यामुळे तिथे ५ ते ७ टक्के धरतात. एकाच मॉडेलच्या गाडीचे टोइंगचे आकडे दोन देशांत वेगळे दिसतात त्याचं एक कारण हे आहे. म्हणून एका देशाची कॅपॅसिटी आणि दुसऱ्या देशाचे टक्के अशी मिसळ करायची नाही. तुमच्या प्लेटवर १०० लिहिलंय तर १०० च्या वर जायचं नाही, आणि ७ टक्क्यांनी १०० किलो म्हणजे ट्रेलर साधारण १४३० वर थांबतो. त्याच्या वर गेलात की टक्केवारी खाली घसरते, स्थिरता कमी होते.

घरी मोजायचं असेल तर बाथरूममधला वजनकाटा पुरतो. एक मजबूत फळी घ्या, एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, आणि ट्रेलरचं नाक फळीवर अशा ठिकाणी टेकवा की विटेपासून १ फूट आणि काट्यापासून २ फूट असेल. काट्यावर एक तृतीयांशच वजन येतं, आलेला आकडा गुणिले ३. आधी नुसती फळी ठेवून काटा शून्य करायला विसरू नका. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना दोन्हीकडून ठोकळे, आणि नाक बॉलच्याच उंचीला असावं, नाहीतर आकडा चुकतो.

घाटमाथा

कॉम्बाइन वेट आणि चढ याबद्दल थोडं. अमेरिकेत टोइंग रेटिंगसाठी एसएई जे२८०७ नावाचं स्टँडर्ड आहे. त्यात भरलेली गाडी ट्रेलरसकट अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, निदान १०० डिग्री फॅरनहाइटच्या उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून न थांबता चढवावी लागते आणि वेग ठराविक आकड्याच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. हे स्टँडर्ड यायच्या आधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवायची. पण त्यातसुद्धा गाडीत ड्रायव्हर आणि एक प्रवासी, दोघंही ६८ किलोचे, असंच धरलेलं आहे. चार माणसं आणि भरलेली डिकी त्यात नाही.

दुसरं म्हणजे उंची. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद समुद्रसपाटीपासून दर १००० मीटरला साधारण १० टक्के कमी होते, आणि बऱ्याच मॅन्युअलमध्ये तेवढंच कॉम्बाइन वेट कमी करा असं स्पष्ट लिहिलेलं असतं. टर्बोवाल्याला कमी त्रास होतो पण हवा पातळ म्हणजे थंड करायलाही हवा कमी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल तापतं. चढाला हाताने खालचा गिअर घ्या, गिअरबॉक्स वरखाली शोधत बसला की तेच सगळ्यात जास्त तापतं.

उतार चढापेक्षा वाईट. ज्या गिअरने चढलात त्याच्या आसपासच्याच गिअरने उतरा आणि ब्रेकवर पाय ठेवून बसू नका. वेगाचा हिशोब लक्षात ठेवा, ८० वरून १०० वर गेलात तर थांबवायची ऊर्जा दीडपटीहून जास्त होते.

सावकाश_जाऊ

ट्रेलरचे ब्रेक कसले आहेत ते पण विचारा विकणाऱ्याला. ओव्हररन असतील (गाडी थांबली की ट्रेलर पुढे ढकलला जातो आणि त्यानेच ब्रेक लागतात ते) तर गाडीत वेगळं काही बसवायला लागत नाही. इलेक्ट्रिक असतील तर गाडीत कंट्रोलर हवाच, नाहीतर ते ब्रेक असून नसल्यासारखे आणि मग तुमची मर्यादा २००० नाही, ७५० आहे. इलेक्ट्रिकचा एक फायदा आहे, हेलकावे सुरू झाले तर कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावता येतात, ट्रेलर मागे ताणला जातो आणि सरळ होतो.

रानवाट

ब्रेक ओव्हररन आहेत, ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार) पण आहे. सगळ्यांचे मनापासून आभार. पैसे देण्याआधी मी मालकाला विनंती केली की एक दिवस ट्रेलर मिळेल का, जे काय भाडं असेल ते देतो. तो तयार झाला. सहलीला जाताना जसं भरू अगदी तसं सगळं भरलं, पाण्याची टाकी पूर्ण, चौघंही गाडीत, आणि ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर घेऊन गेलो.

आधी नुसती गाडी: पुढचा अ‍ॅक्सल ११००, मागचा ११३०, एकूण २२३०.
ट्रेलर जोडून: पुढचा १०६०, मागचा १२७०, ट्रेलरचा अ‍ॅक्सल १४१०. एकूण ३७४०.

म्हणजे ट्रेलरचं खरं वजन ३७४० वजा २२३०, १५१० किलो. कागदावर ११८०. तब्बल ३३० किलोचा फरक, आणि आम्ही काही विशेष भरलं नव्हतं. घरी बसून जमवलं तर छतावरचा एसी ३५, तंबूसारखा जोडायचा कापडी मांडव २८, बॅटरी २६, दोन गॅस सिलिंडर ३०, पाणी ८०, आणि उरलेले १३१ किलो खुर्च्या, गाद्या, भांडी, कपडे. एकेक वस्तू उचलताना काहीच वाटत नाही.

गाडीचे दोन्ही अ‍ॅक्सल मिळून २३३०, म्हणजे टंग वेट १००, बरोबर मर्यादेवर. ग्रॉसच्या आत, कॉम्बाइनच्या आत, पण मागचा अ‍ॅक्सल १२५० च्या जागी १२७०. बॉलवर फक्त १०० आले असताना मागच्या अ‍ॅक्सलवर १४० कसे वाढले?

काटेकोर

वा, इतकं व्यवस्थित कोणी करत नाही.

१४० चं कारण तरफ. टो बॉल मागच्या चाकांच्या मागे असतो. समजा चाकांपासून बॉल १.१ मीटर मागे आणि व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.७ मीटर, तर बॉलवर १०० दाबले की मागच्या अ‍ॅक्सलवर १०० अधिक ४०, आणि ते ४० पुढच्या चाकांवरून उचलले जातात. तुमच्याच पावतीवर बघा, पुढचा ११०० चा १०६० झालाय. लांब शेपटाच्या, आखूड व्हीलबेसच्या गाडीत हा परिणाम आणखी वाढतो.

काही मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढताना मागच्या अ‍ॅक्सलला थोडी सवलत दिलेली असते, वेगाच्या अटीसह. तुमच्यात लिहिलेली असेल तर ठीक, नसेल तर २० किलो म्हणजे २० किलो जास्तच.

ट्रेलरच्या टायरच्या कडेवर लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) काय आहे तेवढं बघा.

रानवाट

टॉर्च घेऊन खाली वाकून बघितलं. आकारापुढे ९५ लिहिलंय, आणि लंबगोलात शेवटचे चार आकडे २३१६.

काटेकोर

९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो. तुमच्या अ‍ॅक्सलवर १४१० आहेत, दोन टायर, प्रत्येकी ७०५. तेही दोन्ही बाजू अगदी सारख्या भरल्यात असं धरून, आणि किचन एका बाजूला असतं त्यामुळे तसं कधीच नसतं. २३१६ म्हणजे २०१६ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नवीन दिसत असेल कारण ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभाच असतो, पण रबर उन्हात कडक होऊन आतून तडकतं. ते टायर बदला, घासाघीस करायची तर तिथेच करा. १०० इंडेक्सवाला ८०० किलो पेलतो. फक्त रिमवर कोरलेला आकडा पण बघा, रिम कमी वजनाचं असेल तर भारी टायरचा उपयोग नाही.

पायवाट

पाण्याची टाकी रिकामी करून निघाले तर ८० किलो सरळ कमी होतील ना, मग सगळंच मर्यादेत येईल.

लोखंडी_सांधा

थांबा, टाकी कुठे आहे त्यावर आहे ते. अ‍ॅक्सलच्या पुढे असेल तर रिकामी केल्याने टंग वेट कमी होतं. मागे असेल तर वाढतं!

रानवाट

टाकी मागेच आहे, अ‍ॅक्सलपासून साधारण १ मीटर. अ‍ॅक्सलपासून बॉल ४ मीटर.

लोखंडी_सांधा

मग ८० किलो गुणिले १ भागिले ४, टाकी रिकामी केली की बॉलवर २० किलो वाढणार, १२० होणार, म्हणजे मर्यादेच्या बाहेर आणि मागच्या अ‍ॅक्सलला आणखी त्रास. पुढच्या पेटीत काय काय आहे?

रानवाट

गॅस, बॅटरी आणि तो कापडी मांडव.

लोखंडी_सांधा

मांडव काढा तिथून. २८ किलो, अ‍ॅक्सलपासून अंदाजे ३ मीटर पुढे. तो आत अ‍ॅक्सलच्या बरोबर वर जमिनीवर ठेवलात की बॉलवरचे २८ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे २१ कमी होतील. परत १०० च्या जवळ. आणि तो पट्ट्याने आवळून बांधा, ब्रेक मारल्यावर सरकत पुढे जाता कामा नये.

दुपारची_सावली

मध्येच विचारते, आमची इलेक्ट्रिक कार आहे, तिला असं काही जमेल का? टॉर्क तर भरपूर आहे.

घाटमाथा

ताई, आधी मॅन्युअलमध्ये टोइंगची परवानगी आहे का तेवढं बघा, काही इलेक्ट्रिक गाड्यांना शून्य दिलेलं असतं आणि काहींना फक्त सायकल रॅकपुरतं. परवानगी असली तरी उंच ट्रेलरमागे रेंज अर्ध्यावर येते असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे, कारण वजनापेक्षा त्याची उभी भिंत हवा अडवते.

तिसरा_गिअर

मी वर लिहिलं होतं की मी कधी काटा केला नाही. रानवाटांची पावती वाचून काल माझा ट्रेलर नेऊन आणला. माझा पण मागचा अ‍ॅक्सल ४५ किलो जास्त निघाला, इतकी वर्षं तसाच चालवत होतो, घरच्यांना मागे बसवून. वर जे लिहिलं ते मागे घेतो, कोणी ते वाचून चालू नका.

रानवाट

तिसरा_गिअर, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल खरंच आदर वाटला.

माझी दुसरी पावती. टाकी रिकामी (मुक्कामावर पोचल्यावर भरणार), मांडव अ‍ॅक्सलवर, डिकीतली ४० किलोची अवजारांची पेटी आणि सुटं सामान काढून ट्रेलरमध्ये अ‍ॅक्सलच्या वर. आता पुढचा अ‍ॅक्सल १०६०, मागचा १२३०, ट्रेलरचा १३७०. एकूण ३६६०. ट्रेलर सोडून गाडी २१९०, म्हणजे टंग वेट १००, ट्रेलर १४७०. गाडीच्या कर्ब वेटच्या ८२ टक्के, नवशिक्याने ८५ च्या आत राहावं म्हणतात त्यात बसलं. घरी फळी आणि काट्यावर पण मोजलं, ३३ आले, गुणिले ३ म्हणजे ९९. दोन्हीकडे इतकं जवळजवळ सारखं आलं की मुलीने ते पाटीवर लिहून ठेवलंय.

टायर १०० इंडेक्सचे घेतले, रिम ८५० चं निघालं. विकणाऱ्याने पावत्या बघितल्यावर टायरचा निम्मा खर्च स्वतःहून कमी केला.

आता शनिवारी निघतोय, ८० च्या वर जाणार नाही. काही राहिलंय का?

सावकाश_जाऊ

लायसन्स या वजनाला चालतं का ते आपल्या देशाच्या नियमात बघून ठेवा, बऱ्याच ठिकाणी कॉम्बाइन वेटवर वेगळा वर्ग लागतो. जोडल्यावर जॉकी व्हीलने (ट्रेलरच्या नाकाखालचं छोटं चाक) नाक वर उचलून बघायचं, गाडीचं मागचं टोक बरोबर वर आलं तर कपलिंग (ट्रेलरची बॉलवर बसणारी पकड) नीट बसलंय. मग जॉकी व्हील पूर्ण वर घेऊन आवळायचं. ब्रेकअवे केबल टो बॉलच्या मानेत नुसती अडकवू नका, टो बारला तिच्यासाठी कडी असेल तर तिथे. नवीन टायर बसवलेत म्हणजे पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून चाकाचे नट टॉर्क रेंचने परत आवळा, आणि तेव्हाच हाताने दोन्ही हब (चाकाचा मधला भाग) जवळून बघा, एक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागला तर बेअरिंग किंवा ब्रेक घासतोय.

रानवाट

५२ किलोमीटरला थांबलो होतो. डावीकडचा एक नट पाव फेरा आवळला गेला, हब दोन्ही सारखेच कोमट. पुढे निघालो. ट्रक शेजारून गेले तेव्हा ट्रेलर थोडा हलला आणि एका हेलकाव्यात जागेवर आला.